फॅमिली कार घ्यायची आहे? बोर्डावरच्या किमतीआधी हा हिशेब करा

घरानंतर मध्यमवर्गीय कुटुंबाची सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे गाडी. घर घेताना लोक वर्षभर फिरतात, कागदपत्रं वकिलाला दाखवतात. गाडी मात्र अनेकदा दसरा किंवा पाडवा आठ दिवसांवर आला की ठरते. शेजाऱ्यांनी घेतली ती, मेव्हण्याने सुचवली ती, नाहीतर 'आजच्या आज बुक केली तर ऑफर आहे' असं सेल्समन म्हणाला ती. पुढची पाच ते सात वर्षं हप्ता, पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग यांचा भार घरखर्चावर पडतो, तेव्हा खरी किंमत कळते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला आणि अनेक घरांत गाडीचा विषय पुन्हा निघाला. 'कोणती गाडी चांगली?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'आपल्या घराला कोणती गाडी परवडेल आणि पुरेल?' या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. ते कागद-पेन घेऊन काढता येतं.

आधी तीन आकडे लिहा

पहिला आकडा माणसांचा. गाडीत रोज किती जण बसणार आणि वर्षातून दोनदा गावी जाताना किती? नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी-आजोबा असं सहा जणांचं घर असेल तर पाच सीटची गाडी दर सुट्टीत अपुरी पडते. रोज दोघंच बसत असतील आणि सहा जण वर्षातून एकदाच निघत असतील, तर त्या एका प्रवासासाठी मोठी गाडी भाड्याने घेणं स्वस्त पडतं.

दुसरा आकडा किलोमीटरचा. महिन्याला गाडी किती चालणार? हा आकडा बहुतेक जण फुगवून सांगतात. ऑफिसला लोकलने किंवा दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाची गाडी शनिवार-रविवारीच बाहेर पडते. अशी गाडी महिन्याला ३००-४०० किलोमीटरच्या पुढे क्वचित जाते. रोज हिंजवडीला किंवा ठाण्याहून बीकेसीला जाणाऱ्याची गाडी सहज हजार किलोमीटर चालते. पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक, हे सगळं या एका आकड्यावर ठरतं.

तिसरा आकडा जागेचा. सोसायटीतली पार्किंगची जागा टेपने मोजा. लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची असते, कारण गाडी लावल्यावर दार उघडून उतरता आलं पाहिजे. गल्ली अरुंद असेल, गावचा रस्ता खडकाळ असेल किंवा दर महिन्याला कसारा, खंबाटकी किंवा आंबा घाट चढायचा असेल, तर तेही लिहून ठेवा.

एक्स-शोरूम आणि ऑन-रोड: मधली रक्कम कुठे जाते?

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. जीएसटी त्यातच धरलेला असतो. पेट्रोल किंवा सीएनजी गाडी ४ मीटरपेक्षा लांब नसेल आणि इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के जीएसटी लागतो. डिझेलसाठी इंजिनाची मर्यादा १,५०० सीसी आहे. दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच ही सवलत मिळते, नाहीतर दर थेट ४० टक्के. मारुती ब्रेझा ४ मीटरच्या आत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं असल्याने ती १८ टक्क्यांच्या गटात येत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे.

यानंतर राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर येतो, ज्याला बोलीभाषेत रोड टॅक्स म्हणतात. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के कर लागतो. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. सीएनजी गाड्यांवरचा कर १ जुलै २०२५ पासून एका टक्क्याने वाढला, तरी तो पेट्रोलपेक्षा कमीच आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्क्यांवर जातो. त्यामुळे छोट्या व्यावसायिकांनी गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे सीएला विचारून ठरवावं.

त्यावर विमा, नोंदणी शुल्क, कर्ज असेल तर बोजा नोंदवण्याचं शुल्क आणि फास्टॅग. ७ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी धरली, तर ७७ हजार कर, सुमारे ४० हजार विमा आणि ५ हजार इतर शुल्क मिळून ती रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख २२ हजारांची होते.

कोटेशनमध्ये याशिवाय 'हँडलिंग चार्जेस', 'ॲक्सेसरी पॅकेज', 'टेफ्लॉन कोटिंग', 'एक्स्टेंडेड वॉरंटी' अशा ओळी असतात. त्यातली वाढीव वॉरंटी कधी कधी उपयोगाची ठरते. बाकीच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून 'हे कशाचे?' असं विचारावं आणि नको असेल ते काढायला सांगावं. सीट कव्हर आणि मॅट बाहेर बरेच स्वस्त मिळतात. १० लाखांपेक्षा महाग गाडीवर १ टक्का टीसीएस कापला जातो. ती रक्कम आयकर विवरणपत्र भरताना परत मिळते किंवा करात वळती होते, म्हणून पावती जपून ठेवावी.

पाच वर्षांत गाडी खरोखर कितीला पडते?

वरच्याच गाडीचं उदाहरण पुढे नेऊ. समजा ७ लाखांचं कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलं. गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालते, शहरात लिटरला १५ किलोमीटरचं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. पाच वर्षांचा हिशेब साधारण असा होतो:

- ऑन-रोड किंमत: ८ लाख २२ हजार
- कर्जाचं व्याज: १ लाख ७२ हजार
- पेट्रोल: ४ लाख २० हजार
- पुढच्या चार वर्षांचा विमा: सुमारे ८० हजार
- सर्व्हिसिंग: सुमारे ४५ हजार
- टायर, बॅटरी आणि किरकोळ कामं: सुमारे ३० हजार

एकूण १५ लाख ६९ हजार. पाच वर्षांनी गाडी पावणेचार लाखांना विकली गेली असं धरलं, तर निव्वळ खर्च जवळपास १२ लाख होतो. म्हणजे महिन्याला २० हजार रुपये आणि किलोमीटरला २० रुपये. त्यात पेट्रोलचा वाटा फक्त ७ रुपयांचा आहे. 'ॲव्हरेज किती देते?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. पण त्याने जेमतेम एक तृतीयांश खर्चाचं उत्तर मिळतं. उरलेला खर्च किंमत, व्याज, विमा आणि विकताना होणारी घट यांत असतो.

आता तीच गाडी महिन्याला फक्त ४०० किलोमीटर चालली तर? पेट्रोलचा खर्च कमी होतो, टायर जास्त टिकतात, विकताना थोडे जास्त पैसे मिळतात. तरी पाच वर्षांचा निव्वळ खर्च ९ लाखांच्या आसपास राहतो आणि किलोमीटरला ३७-३८ रुपये पडतात. एवढ्या पैशांत बहुतेक शहरांत टॅक्सी मिळते. अर्थात रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं असेल किंवा घरात वृद्ध माणसं असतील, तर दारात गाडी असण्याची किंमत नुसत्या रुपयांत मोजता येत नाही. पण वापर इतका कमी असेल तर नव्या, महागड्या मॉडेलऐवजी लहान किंवा चांगली सेकंडहँड गाडी घेणं शहाणपणाचं ठरतं.

पेट्रोल, सीएनजी, डिझेल की इलेक्ट्रिक?

सीएनजी मॉडेल साधारण ९०-९५ हजारांनी महाग असतं. करात मिळणारी सूट वजा केली तर वरच्या उदाहरणात ऑन-रोड फरक ८२ हजारांच्या आसपास येतो. पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये लागतात. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला २२ किलोमीटर धरले, तर ३ रुपये ६४ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे ३ रुपये ३६ पैसे वाचतात आणि जास्तीचे पैसे सुमारे २४ हजार किलोमीटरनंतर वसूल होतात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी दोन वर्षं लागतात, ४०० किलोमीटर चालवणाऱ्याला पाच.

सीएनजीच्या काही गैरसोयीही आहेत. टाकी डिकीतली बरीच जागा खाते. जागा वाचवण्यासाठी काही कंपन्या आता एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या बसवतात, त्यामुळे डिकी आधी उघडून बघावी. भरलेल्या गाडीने घाट चढताना ताकद कमी जाणवते. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट करावी लागते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराजवळ किंवा रोजच्या रस्त्यावर पंप हवा. रांगेत अर्धा तास उभं राहावं लागत असेल तर तोही खर्चच आहे. बाहेरून किट बसवण्यापेक्षा कंपनीचं सीएनजी मॉडेल घेणं चांगलं, कारण बाहेरच्या किटमुळे वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो आणि आरसी व विम्यात त्याची वेगळी नोंद करावी लागते.

डिझेल आता मोठ्या गाड्यांपुरतं उरलं आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो आपोआप साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. रोज फक्त चार-पाच किलोमीटर ट्रॅफिकमधून जाणाऱ्याच्या गाडीत तो तुंबतो आणि दुरुस्ती महाग पडते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर महामार्गावर जाणाऱ्यांनीच डिझेलचा विचार करावा. दिल्ली परिसरात बदली होण्याची शक्यता असलेल्यांनी तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर असलेले निर्बंधही लक्षात घ्यावेत.

इलेक्ट्रिक गाडीचा किलोमीटरचा खर्च सगळ्यात कमी असतो. घरी ९ रुपये युनिटने चार्ज केली आणि युनिटला ७ किलोमीटर मिळाले, तर सव्वा ते दीड रुपया. महाराष्ट्रात या गाड्यांना मोटार वाहन करात सूट आहे. बहुतेक कंपन्या बॅटरीवर किमान ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. पण घरी किंवा सोसायटीत चार्जिंग पॉइंट बसवता येणार असेल तरच हे गणित जमतं. सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर करावं लागलं तर बचतीचा मोठा भाग निघून जातो. बुकिंगच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि मीटरचा भार वाढवावा लागेल का, ते वीज कंपनीकडून समजून घ्यावं.

सुरक्षितता: पैसे वाचवण्याची ही जागा नाही

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशाची स्वतःची क्रॅश टेस्ट पद्धत सुरू झाली. तिच्यात मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षिततेला ४९ पैकी गुण मिळतात, त्यावरून तारे ठरतात. समोरून होणाऱ्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. ही चाचणी ऐच्छिक आहे, म्हणून प्रत्येक गाडीला रेटिंग असेलच असं नाही.

रेटिंग बघताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नुसते तारे न मोजता मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे बघावेत. आणि लहान गाडीचे पाच तारे व मोठ्या गाडीचे पाच तारे यांची थेट तुलना करू नये. समोरून जड गाडी आदळली तर हलक्या गाडीतल्यांना जास्त मार बसतो.

स्वस्त गाडी म्हणजे कमी सुरक्षित, हे समीकरण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरनेही पाच तारे मिळवले. म्हणून बेस मॉडेल आणि त्यावरचं मॉडेल यांत निवड करताना आधी सहा एअरबॅग, गाडी घसरण्यापासून सावरणारी ईएससी यंत्रणा, मागच्या मधल्या सीटलाही तीन-बिंदू सीटबेल्ट आणि मुलांची सीट बसवण्यासाठी आयसोफिक्स हुक आहेत का ते बघावं. सनरूफ, मोठी स्क्रीन आणि अलॉय व्हील यांचा विचार त्यानंतर.

सीटबेल्ट मागच्या सीटवरही लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ती गाडी महागडी होती, पण बेल्ट न लावणाऱ्याला एअरबॅगही फारशी वाचवू शकत नाही. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणं तर सगळ्यात धोक्याचं. गाडीच्या बजेटमध्येच मुलाच्या सीटचे पैसे धरावेत.

भरवशाची गाडी कशी ओळखायची?

नवं मॉडेल बाजारात येताच पहिल्या लॉटमध्ये घेण्याची घाई करू नये. सहा महिने ते वर्षभर थांबलं की सुरुवातीच्या त्रुटी समोर येतात आणि कंपनी त्या दुरुस्त करते. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स अनेक वर्षं अनेक गाड्यांत वापरला जात असेल, तर गावातल्या मेकॅनिकलाही तो माहीत असतो आणि सुटे भाग लगेच मिळतात.

घरापासून आणि गावापासून सर्वात जवळचं सर्व्हिस सेंटर किती दूर आहे ते बघावं. पुण्यात चार सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचं सिंधुदुर्गात किंवा गडचिरोलीत एकही नसेल, तर सुट्टीत बंद पडलेली गाडी टो करून न्यावी लागते. कंपनी देशात टिकणार का, हाही प्रश्न आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोलेची विक्री थांबवली, तिचा तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी सर्व्हिस लगेच बंद होत नाही, पण सेंटर कमी होतात आणि गाडीची पुनर्विक्रीची किंमत पडते.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर प्रकार समजून घ्यावा. एएमटी सगळ्यात स्वस्त असते आणि ॲव्हरेजही मॅन्युअलच्या जवळपास देते, पण गिअर बदलताना हलका झटका बसतो. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी जास्त सुरळीत चालतात, पण महाग असतात. ट्रॅफिकमध्ये रोज तासभर क्लच दाबणाऱ्याला एएमटीचे जास्तीचे पैसे जड वाटत नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नये. आजीला गाडीत चढता-उतरता येतं का, मागे तिघं बसल्यावर गुडघे टेकतात का, एसीची हवा मागे पोहोचते का, हे घरच्यांना बसवूनच कळतं. शक्य असेल तर चढ, खड्डे आणि आपल्याच गल्लीतलं वळण घेऊन बघावं.

कर्ज: हप्त्याला भुलू नका

सेल्समन हप्ता सांगतो, एकूण व्याज सांगत नाही. ७ लाखांच्या कर्जाला ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी १४,५३१ रुपये हप्ता बसतो आणि एकूण व्याज १ लाख ७२ हजार होतं. मुदत सात वर्षं केली की हप्ता ११,२६२ रुपयांवर येतो, पण व्याज २ लाख ४६ हजार होतं. हप्ता सव्वातीन हजारांनी कमी झाला आणि खिशातून ७४ हजार जास्त गेले. शिवाय गाडी सात वर्षांची होईपर्यंत तिच्यावर कर्ज राहतं.

शोरूमने सुचवलेल्या बँकेचा दर स्वतःच्या बँकेच्या दराशी ताडून बघावा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा दंड लेखी विचारावा. कर्ज फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. अनेक जण हे विसरतात आणि गाडी विकताना अडतात.

विमा कुठून घ्यायचा?

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार तीन वर्षांसाठी १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीला १०,६४० रुपये लागतात, त्यावर कर वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. तो शोरूममधूनच घ्यायला हवा अशी सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की शोरूमचा दर बऱ्याचदा खाली येतो.

तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे का ते बघावं. ती कमी धरून हप्ता स्वस्त दाखवला जातो. पहिली काही वर्षं झिरो डेप्रिसिएशन कव्हर उपयोगी पडतं, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. पाणी तुंबणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्शन घ्यावं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. त्याने इंजिनात पाणी जातं आणि साधी पॉलिसी ते नुकसान सहसा भरून देत नाही.

वर्षभर क्लेम केला नाही तर मिळणारा नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेताना तो नव्या गाडीवर लावून घ्यावा.

सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

तीन ते पाच वर्षांच्या गाडीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. म्हणून कमी वापर असलेल्या घरासाठी ती चांगली निवड ठरू शकते. पण तपासणी जास्त लागते.

- वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघावा. थकीत ई-चलनंही तपासावीत.
- मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास मागावा आणि त्यातले आकडे जुळतात का ते बघावं. घासलेलं स्टिअरिंग, गुळगुळीत पेडल आणि 'फक्त २५ हजार चाललेली' गाडी यांचा मेळ बसत नाही.
- पुरातली गाडी ओळखावी. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली, चिपळूण भागांत अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग आहे का, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का आणि कार्पेटला कुबट वास येतो का, ते तपासावं.
- ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि इंजिन थंड असताना गाडी सुरू करून बघावी.
- एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी तयार केलेल्या असतात. त्याआधीच्या गाडीसाठी कंपनी काय सांगते ते मॅन्युअलमध्ये बघावं. अशा गाड्यांचं ॲव्हरेज थोडं कमी होतं.

व्यवहार झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर करून घ्यावी. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. हे विकणाऱ्याच्याही हिताचं आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विकलेल्या गाडीने अपघात केला आणि नाव बदललेलं नसेल, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते.

ताबा घेण्याआधी

नवी गाडी असेल तर पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारावं. यार्डात आठ महिने उभी असलेली गाडी 'नवी' म्हणून पूर्ण किमतीला घेण्याचं कारण नाही. वर्षअखेरीस सूट मोठी असते, पण १ जानेवारीला तीच गाडी कागदोपत्री एक वर्ष जुनी होते. दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर हा फरक लागतो. आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर डिसेंबरची सूट घ्यायला हरकत नाही. नोंदणीच्या आधी दिवसाउजेडी गाडी नीट बघावी: रंग, काचा, टायर, स्टेपनी, सगळे दिवे आणि एसी. नंबर पडल्यानंतर गाडी बदलून मिळणं फार अवघड असतं.

थोडक्यात, आधी माणसं, किलोमीटर आणि जागा लिहा. त्यात बसणाऱ्या दोन-तीन गाड्या निवडा. त्यातली सुरक्षिततेत कमी पडणारी बाद करा. उरलेल्यांचा पाच वर्षांचा खर्च मांडा आणि शेवटी घरच्यांना घेऊन टेस्ट ड्राइव्ह करा. महिन्याचा एकूण खर्च, म्हणजे हप्ता, इंधन, विमा आणि देखभाल मिळून, घराची बचत खाऊन टाकत असेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. मुहूर्त पुढच्या वर्षीही येतो.